रानाची कड आणि हिवताप

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)





दरवर्षी या मेळाव्यात एका शिक्षकाने आपल्या विषयातील एखाद्या प्रश्नावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा ती जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला, भूगोल शिकविणारा माणूस. हिवतापावर बोलणार आहे असे कळल्यावर आमच्या शिक्षक-खोलीत एका सहकाऱ्यांनी विचारले, "सर, मग औषधही तुम्हीच देणार काय?" औषध डॉक्टरांनीच द्यावे. मला बोलायचे आहे ते जमीन, पाणी आणि झाडे यांविषयी, आणि हे तिन्ही विषय भूगोलाच्या पुस्तकातलेच आहेत.

हा विषय मी का निवडला हे येथे बसलेल्या बहुतेकांच्या लक्षात आले असेल. टेकडीच्या पायथ्याशी आपले नवे वसतिगृह उभे राहिले. मागे काजूची बाग, तिच्यावर रान, त्याच्याही वर कातळाचा सडा, आणि खालच्या अंगाने वाहणारा वहाळ. जागा इतकी रम्य की पाहुण्याने थांबून पाहावे. गेल्या पावसाळ्यात त्याच वसतिगृहातील काही मुलांना हिवताप झाला. रक्त तपासले, निदान झाले, औषध मिळाले, मुले बरी झाली. परंतु तेव्हापासून कार्यकारी मंडळापुढे एक सूचना आहे : वसतिगृहामागचे रान आणि वहाळाच्या दोन्ही काठांची झाडे साफ तोडून टाकावीत, म्हणजे डासांना आसरा राहणार नाही. सूचना मुलांच्या काळजीपोटी आलेली आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही कुऱ्हाड लावण्यापूर्वी काही गोष्टी आपल्यापुढे मांडाव्यात असे मला वाटते.

आपल्याकडची जुनी माणसे परगावी जाऊन तापाने फणफणत परत आलेल्या माणसाबद्दल म्हणत, "त्याला तिथले पाणी लागले." घाटाखालच्या काही गावांचे पाणी लागते, काहींचे लागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. युरोपात याच आजाराला खराब हवेचे नाव मिळाले. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थच 'वाईट हवा'. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, आणि हवा निर्दोष ठरली. पाणी मात्र पूर्णपणे निर्दोष ठरले नाही. ते पिण्याने ताप येत नाही, पण डास त्याच पाण्यात जन्माला येतो. म्हणजे आपल्या आजोबांचे निरीक्षण खरे होते, कारण तेवढे त्यांना माहीत नव्हते.

आता यातला खरा मुद्दा असा, की 'डास' हा शब्द आपण एकवचनी वापरतो तसा डास एक नाही. हिवताप पसरविणाऱ्या ॲनोफिलीस डासाच्या एकट्या भारतात सुमारे ६० जाती आहेत. त्यांपैकी हिवतापाच्या मुख्य वाहक म्हणून सहाच मोजतात. या सहांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत. एकीला शेतातले कालवे आणि डबकी चालतात, एकीला शहरातली विहीर आणि गच्चीवरची टाकी, एकीला समुद्रकाठचे मचूळ पाणी, तर एकीला हत्तीच्या पावलाच्या खळग्यात साठलेले, दाट सावलीतले पाणी पुरते. कोणाला ऊन हवे, कोणाला सावली. कोणी माणसाच्या घरात भिंतीवर विसावते, कोणी चावून पुन्हा रानात निघून जाते. म्हणून जमिनीचा चेहरा बदलला की कोणत्या डासाचे फावते आणि कोणाचे नशीब फिरते, हे अगोदर पाहावे लागते.

हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले, त्याची हकीगत सांगतो. माल्कम वॉटसन नावाचा एक तरुण डॉक्टर १९०१ साली मलायातील क्लांग येथे सरकारी नोकरीवर रुजू झाला. क्लांग हे सखल, समुद्राजवळचे गाव. भोवती दलदल आणि गर्द जंगल. हिवतापाने तेथे हाहाकार माजलेला होता. जवळच नव्याने उघडलेल्या स्वेटनहॅम बंदराची तीच अवस्था. ते बंद करावे लागते की काय, अशी वेळ आली होती. वॉटसनने गावाभोवतीचे जंगल तोडविले, चर खणून दलदलीतले पाणी काढून दिले. ताप झपाट्याने उतरला. सरकार खूष झाले, मळेवाले खूष झाले. जंगल काढा, हिवताप जातो, असा धडा सर्वांनी घेतला.

पुढे रबराचे मळे सखल भागातून टेकड्यांकडे सरकले. तेथेही जंगल साफ केले गेले. घळीतले झरे उघडे पडले, स्वच्छ पाणी खळाळत उन्हात वाहू लागले. दलदल नाही, घाण नाही, गर्द झाडी नाही. आणि नेमका याच मळ्यांवर हिवताप असा भडकला की तामिळ मुलखातून नेलेले मजूर त्यात मोठ्या संख्येने दगावले. क्लांगला जी युक्ती लागू पडली तीच येथे उलटली.

उत्तर सापडले ते डासांच्या जातीत. सखल भागात ताप पसरविणारा डास होता अम्ब्रोसस, त्याला जंगलातले सावलीचे, काळसर पाणी लागते. झाडे काढली, ऊन आले, तो संपला. टेकड्यांवरचा डास होता मॅक्युलेटस. त्याला वाहते, निर्मळ आणि उन्हातले पाणी प्रिय. जंगलाची सावली असेपर्यंत त्या घळींत त्याला थारा नव्हता. माणसाने झाडे तोडून त्याच्यासाठी जागा तयार करून दिली. वॉटसनने पुढे टेकड्यांसाठी निराळे उपाय योजले. काही ठिकाणी झऱ्याचे पाणी जमिनीखालून नळांतून नेले, काही ठिकाणी पाण्यावर तेल शिंपडले. त्याच्या अनुभवातून हिवताप-निर्मूलनाच्या शास्त्रात एक नवीनच विचार रुजला. आधी डासाची जात ओळखा, मग जमिनीला हात लावा.

आसामच्या चहामळ्यांत तर पुढे याच्या नेमके उलट काम करण्यात आले. तेथला मुख्य वाहक मिनिमस हा गवताळ काठाच्या, उन्हातल्या, संथ ओढ्यांत वाढतो. तेव्हा ओढ्यांच्या काठाने ड्युरांटाची दाट कुंपणे लावून पाण्यावर सावली धरण्यात आली. झाडे तोडून नव्हे, लावून डास कमी करण्याचा हा प्रयोग आपल्याच देशात झालेला आहे.

आता आपल्याजवळ येऊ. सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्यातील ओढ्यांत आढळणारा एक महत्त्वाचा वाहक म्हणजे ॲनोफिलीस फ्लुव्हिएटिलिस. विद्यार्थी मित्रांसाठी सांगतो, या लॅटिन शब्दाचा अर्थच 'नदीचा', 'प्रवाहातला'. डबक्यातील साचलेल्या पाण्यापेक्षा त्याला हळू वाहणारा झरा, गवताने भरलेला काठ, पाटाच्या कडेचे थबकलेले पाणी पसंत पडते. पावसाच्या मुसळधार लोंढ्यात त्याची अंडी-अळ्या वाहून जातात, पण पाऊस ओसरला, वहाळाचे पाणी निवळून मंद झाले, की त्याचे दिवस सुरू होतात. गणपती-नवरात्राच्या सुमारास आपल्याकडे "पाऊस संपला, आता आजार संपले" असे म्हणण्याची रीत आहे. डासाचे पंचांग वेगळे असते. शास्त्रज्ञांनी पुढे असेही शोधून काढले की दिसायला एकसारखे असलेले हे डास प्रत्यक्षात निदान तीन भावंडजातींचे आहेत. त्यांतली एक माणसाचे रक्त शोधते, बाकीच्या मुख्यतः गुराढोरांवर भागवतात. तेव्हा वहाळात अळी दिसली एवढ्यावरून धोका किती, हे तुम्हा-आम्हाला नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही. त्यासाठी जाणकार लागतो.

उत्तर कानडा जिल्हा, जो १९५६ पर्यंत आपल्या मुंबई राज्यातच होता, तेथील घाटावरची जंगलपट्टी हिवतापामुळे बदनाम होती. डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली मुंबई राज्याने कानडा व धारवाड जिल्ह्यांत १९४६ पासून घरांच्या आतून डी.डी.टी. फवारणीचे काम हाती घेतले. ते इतके यशस्वी झाले की देशभर १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा आणि १९५८ साली निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी रुग्ण व आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ साली रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. आणि मग १९७६ साली ती पुन्हा ६४ लाखांवर गेली! पैसा आणि दक्षता कमी पडली, डासांना डी.डी.टी. पचू लागली, हे तर झालेच. पण रानाच्या कडेला एक अडचण पहिल्यापासून होती. फवारणी घराच्या भिंतीवर होते. जो डास चावून भिंतीवर बसतच नाही आणि थेट रानात जातो, त्याला भिंतीवरच्या औषधाचे काय? आणि जो माणूस रात्री घरात नसतो, शेतावरच्या मांडवात, खोपीत, कोळशाच्या भट्टीजवळ झोपतो, त्याला तरी काय?

येथपर्यंत मी वहाळ आणि पाणी म्हटले. आता ज्या ठिकाणी ओढा नाही, डबके नाही, तेथील एक गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरत नाही, कारण तिच्यात आपल्या ओळखीचे एक झाड आहे.

वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेट आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे. तेथे १८४५ ते १९१७ या काळात आपल्या देशातून हजारो करारबद्ध मजूर नेले गेले, आणि त्यांच्या वंशजांचे आज तेथे घर आहे. तेथे कोकोची लागवड होते. कोकोला सावली लागते म्हणून बागाईतदार मध्ये मध्ये उंच झाडे लावीत. ती झाडे म्हणजे आपल्या पांगाऱ्याचे सख्खे भाऊबंद. या झाडांच्या फांद्यांवर अननसाच्या कुळातील एक वनस्पती बसून वाढते. तिच्या पानांच्या बेचक्यात पेल्यासारखे पाणी साठते. त्या पेल्यांत ॲनोफिलीस बेलेटर नावाचा डास अंडी घालतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉलिन पिटेंड्रिघ या शास्त्रज्ञाने याचा बारकाईने अभ्यास केला. जमिनीवरची डबकी कितीही बुजवा, हिवताप जाईना, कारण डासांचे तळे डोक्यावर टांगलेले होते! अखेर त्या वनस्पती हातांनी काढून, त्यांच्यावर मोरचूद फवारून उपाय करावा लागला. लक्षात घेण्याजोगे हे, की मूळच्या घनदाट रानातही या वनस्पती होत्या. पण माणसाने रान काढून, त्या जागी विरळ सावलीची बाग लावून आणि त्याच बागेत मजुरांना राबायला व राहायला लावून डास आणि माणूस यांची गाठ घालून दिली.

ही गाठ जेथे पडते ती जागा म्हणजे रानाची कड. खोल जंगलात डास असले तरी माणसे थोडी. गावाच्या मध्यावर माणसे पुष्कळ, पण रानातले डास थोडे. कडेवर दोघेही असतात. ॲनोफिलीस साधारणपणे एक-दोन किलोमीटरच्या टापूत वावरतो. रानापासून तेवढ्या अंतरात जे घर, जी वाडी, जी खोप येते ती त्याच्या हद्दीत आली असे समजावे. आणि कड जितकी नागमोडी, जितकी तुकड्या-तुकड्यांची, तितकी तिची लांबी जास्त. वर्गातल्या मुलांना मी हे कागदावर करून दाखवितो. एक मोठा चौकोन कापून त्याचे सोळा लहान चौकोन केले, तर क्षेत्रफळ तेवढेच राहते, पण परिमिती चौपट होते. रानाचे तुकडे केले की हेच होते.

दक्षिण अमेरिकेत पेरू देशातील इकितोस शहरापासून नौता गावाकडे ॲमेझॉनच्या जंगलातून रस्ता काढला गेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वस्त्या व शेते झाली. तेथील डार्लिंगी या वाहक डासाचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बहुतांशी जंगल असलेल्या जागांच्या तुलनेत जंगल तोडलेल्या जागी या डासाच्या चावण्याचे प्रमाण २७८ पटींहून अधिक आढळले. चार-दोन पट असते तर मी येथे त्याचा उल्लेखही केला नसता.

बोर्निओ बेटावरची तऱ्हा आणखी निराळी. तेथील माकडांना होणारा एक हिवताप आहे, नोलेसी. हे नाव ज्यांच्यावरून पडले ते रॉबर्ट नोल्स कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतले. त्यांनी व बिरजमोहन दासगुप्ता यांनी माकडाचा हा जंतू माणसाला बाधू शकतो हे १९३२ सालीच दाखविले होते. पण तो प्रयोगशाळेतला चमत्कार समजला गेला. २००४ साली सारावाकमधील कापित भागात कितीतरी रुग्णांचा हिवताप प्रत्यक्षात माकडाचाच निघाला. जंगल कमी झाले, माकडे बागांच्या आणि वस्त्यांच्या कडेला आली, त्यांच्यामागून डासही आले. मलेशियात २०१८ पासून माणसाच्या नेहमीच्या हिवतापाचे स्थानिक रुग्ण शून्यावर आल्याची नोंद झाली, पण हा माकडांकडून येणारा हिवताप चालूच राहिला.

माकडांचा विषय निघाला म्हणून, थोडे विषयांतर झाले तरी, डॉ. होर्हे बोशेल यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. हे गृहस्थ कोलंबिया देशाचे. तेथे पीतज्वर म्हणून एक भयंकर ताप आहे, सुदैवाने तो आपल्या देशात नाही. हा ताप जंगलात लाकूडतोड्यांनाच का होतो, हे कोडे होते. जमिनीवर उभे राहून शोधले तर तो पसरविणारा डास फारसा सापडत नसे. बोशेल लाकूडतोड्यांबरोबर रानात गेले. एक मोठे झाड कोसळले, आणि त्याच्या शेंड्याबरोबर निळ्या चकाकत्या डासांचा थवाच खाली आला. हे डास उंच शेंड्यांवर माकडांच्या संगतीत राहणारे. झाड पडले की तेही पडत्या झाडासोबत माणसाच्या अंगावर येत. कुऱ्हाड चालविणाऱ्यालाच ताप का, याचे उत्तर त्या एका झाडाने दिले.

हेच बोशेल पुढे आपल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात काम करण्यास आले. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाजवळ माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. हा तो माकडताप. तो डासाने नव्हे, गोचिडीने पसरतो, एवढा फरक ध्यानात ठेवावा. पण बोशेल यांनी त्याची जी मीमांसा केली ती आपल्या विषयाशी तंतोतंत जुळते : जंगल तोडून भातखाचरे झाली, गुरे रानाच्या कडेला चरू लागली, त्या गुरांवर गोचिडी पोसल्या गेल्या आणि वाढल्या. हा आजार २०१६ साली आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात पोचला, आणि काजूच्या बागांत काम करणारी माणसे त्यात सापडली. आपल्या कित्येक पालकांच्या घरी काजूच्या हंगामात सारे घर बागेत असते. घरी आल्यावर अंग तपासून, कपडे बदलून गरम पाण्याने स्नान करावे, बागेत पालापाचोळ्यावर बसू वा झोपू नये, आणि रानात मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे, एवढे येथे सांगून ठेवतो.

एवढ्यावरून कोणी असे समजू नये की ताप हा फक्त रानाचा शेजारधर्म आहे. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात हिवतापाचे सर्वांत जास्त रुग्ण ज्या दोन ठिकाणी नोंदले गेले ती म्हणजे गडचिरोली आणि मुंबई! एक राज्यातले सर्वांत गर्द रान, दुसरे सर्वांत मोठे शहर. गडचिरोलीत ओढे, खाचरे आणि रानातल्या वाड्या. मुंबईत विहिरी, पाण्याच्या टाक्या आणि बांधकामाच्या जागी साठलेले पाणी. मुंबईतल्या डासाचे नाव स्टीफेन्सी. डॉ. बेंटली यांनी १९११ सालच्या आपल्या अहवालात मुंबईच्या विहिरींकडे बोट दाखविले होते, आणि विहिरी झाकण्याच्या प्रश्नावर धार्मिक भावनांचे कारण देऊन बराच वादही झाला होता. आपल्या तालुक्यातील घराघरातून एक तरी माणूस मुंबईत असतो. तो सणाला गावी येतो तेव्हा पेढ्यांबरोबर रक्तात हिवतापाचे जंतूही आणू शकतो, आणि येथे वहाळावरचा डास त्याची वाट पाहत असतो. म्हणून मुंबईहून आलेल्यास ताप आला तर रक्त तपासून घेण्यात कमीपणा मानू नये.

आता पुन्हा आपल्या वसतिगृहाकडे येतो.

मागच्या सड्यावर चिरेखाणी आहेत. काही चालू, काही सोडून दिलेल्या. चिरा काढून झाला की खड्डा तसाच राहतो, पावसाळ्यात भरतो आणि पुढे कित्येक आठवडे पाणी धरून राहतो. उघडे, उन्हातले, काठाला शेवाळ धरलेले पाणी. असे खड्डे ॲनोफिलीसला मानवतात. रानाच्या झाडाकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण त्या खड्ड्यांकडे पाहावे असे माझे मत आहे. त्या खाणींवर परजिल्ह्यातून आणि परप्रांतातून आलेले मजूर खड्ड्यांच्या काठावरच झोपड्या घालून राहतात. तापाचा पहिला मार त्यांना बसतो. "त्या लोकांनी आजार आणला" असे बोलणे मी गावात ऐकले आहे. ते न्यायाचे नाही. खड्डा त्यांनी स्वतःसाठी खणलेला नव्हता, त्यातला चिरा आपल्या घरांना आणि आपल्या या वसतिगृहालाही लागलेला आहे.

झाडांखाली पाहायचेच असेल तर खाली वाकून पाहावे. नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या, तोडलेल्या बांबूचे बुंधे, टायर, प्लॅस्टिकचे डबे. यांत चिमटीभर पाणी साठले तरी डेंग्यू व चिकुनगुनिया पसरविणारे एडिस डास वाढतात. त्यांच्यातला पट्टेरी वाघासारखा दिसणारा एक तर खास रानाच्या आणि बागांच्या कडेचा रहिवासी आहे. २००७ साली केरळात चिकुनगुनियाची मोठी साथ आली तेव्हा रबराच्या झाडांना चीक गोळा करण्यासाठी बांधलेल्या वाट्यांत पावसाचे पाणी साठून त्यात याच डासाची पैदास झाल्याचे दिसले. आता रबराची लागवड आपल्या दोडामार्गापर्यंत आलेली आहे. हा डास दिवसा चावतो, तेव्हा रात्रीची मच्छरदाणी त्याच्यापुढे निरुपयोगी. उलट हिवतापाचा डास रात्री व पहाटेपर्यंत चावतो. मुले इशाच्या नमाजानंतर ओट्यावर गप्पा मारीत बसतात आणि फजरला अंधारात हौदावर वुजू करतात, ती त्याचीच वेळ. मुलांनी उठू नये असे मी म्हणणार नाही. बाही लांब असावी, वुजूच्या जागी पाणी तुंबू नये आणि हौद झाकलेला असावा किंवा त्यात गप्पी मासे सोडावेत. हे मासे बंद हौदातच सोडावेत, वहाळात नकोत, कारण तेथे आपले गावचे मासे आहेत आणि परके मासे त्यांना जगू देणार नाहीत.

झाडे तोडण्याच्या सूचनेबद्दल माझे म्हणणे आता स्पष्ट सांगतो. वहाळावरची सावली गेली आणि काठाला गवत माजले, तर ती जागा प्रवाहातल्या त्या डासाला अधिक सोयीची होण्याचा संभव आहे. टेकडीवरचे रान गेले तर पावसाचे पाणी मुरणार नाही, माती वाहून वहाळात येईल, पाणी ठिकठिकाणी तुंबून डबकी होतील. वसतिगृहाच्या भिंतीलगतची झुडपे, खिडक्यांना चिकटलेल्या फांद्या जरूर छाटाव्यात. त्यापलीकडे, जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना पत्र लिहून त्यांच्याकडील कीटकतज्ज्ञास येथे बोलवावे, वहाळ आणि चिरेखाणी या दोन्ही ठिकाणच्या अळ्या तपासून घ्याव्यात, आणि त्यांचा निष्कर्ष येईपर्यंत एकही झाड पाडू नये, अशी माझी मंडळास नम्र विनंती आहे. खाणमालकांपैकी दोघे-तिघे या सभागृहात बसलेले दिसतात. सोडून दिलेले खड्डे पुढच्या मृगापूर्वी बुजविता आले, किंवा त्यांना चर काढून पाणी वाहते करता आले, तर त्याचा खर्च किती येईल हे त्यांच्याहून चांगले कोणी सांगू शकणार नाही.

खिडक्यांना जाळ्या बसविण्याचे काम अर्ध्यावर आले आहे. उरलेल्या खोल्यांसाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्या पालकांनी कार्यालयात भेटावे, असे मुख्याध्यापक साहेबांनी मला सांगावयास सांगितले आहे.

एक शेवटची गोष्ट. इयत्ता नववीच्या मुलांनी गेल्या दोन महिन्यांत शाळेभोवतीच्या दोन किलोमीटरच्या टापूचा एक नकाशा तयार केला आहे. त्यात वहाळ, पाट, विहिरी, खाणींचे खड्डे, काजूच्या बागा आणि रानाची कड दाखविली आहे. पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते याची विचारपूसही मुलांनी घरोघर जाऊन केली आहे. नकाशा मागच्या भिंतीवर लावलेला आहे आणि खाली पेन्सिल दोरीने बांधून ठेवली आहे. आपल्या वाडीतले एखादे डबके किंवा झरा त्यात राहून गेला असेल, तर चहाला जाताना तेवढा त्यावर दाखवून जावा.